नेम

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. डॅलसजवळच्या एका कंपनीत संगणकाचं काम करतो. रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, आमचं व्हिडिओ कॉलवर बोलणं होतं. गेल्या हिवाळ्यात अशाच एका रविवारी त्याने कॅमेरा टेबलाकडे वळवला. टेबलावर रबरी चटई आणि तिच्यावर लोखंडाचे सुटे भाग ओळीने मांडलेले. स्प्रिंगा, पिना, एक आखूड नळी, मुठीच्या दोन लाकडी फळ्या. मला वाटलं, शिलाई मशीन खोललंय. "मामू, पिस्तौल है," तो म्हणाला. "नाना की उमर का. सन तेतालीस का."

मी जो पहिला प्रश्न विचारला तो पिस्तुलाबद्दल नव्हताच. "फोटो कुठे टाकला नाहीस ना?" असं मी विचारलं.

तो हसला. तिथे हे कायदेशीर आहे, परवानाधारक दुकानातून रीतसर चौकशी होऊन घेतलंय, शेजारचे एक निवृत्त शिक्षकही हाच शौक करतात, असं त्याने सांगितलं. मीही हसलो. पण माझाच प्रश्न मला दिवसभर सलत राहिला. माणूस सात समुद्रापार असला तरी आपली भीती त्याच्या घरात आधी जाऊन बसते.

त्याच आठवड्यात दहावीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले. गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत. हातात मुलाचा मोबाईल. "सर, बघा हे. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत पोरगं काय बघतंय ते." बघितलं तर तेच. कुणीतरी गंजलेलं जुनं पिस्तूल खोलतोय, घासतोय, एकेक पिन काढून परत बसवतोय. वडील हळू आवाजात म्हणाले, "उद्या कुणी मोबाईल तपासला तर? आपल्या पोराच्या मोबाईलमध्ये हे सापडलं तर?" 'आपल्या' या शब्दावर त्यांनी दिलेला जोर वाचकांना वेगळा समजावून सांगायला नको. मी मुलाला बोलावलं आणि सगळे व्हिडिओ समोर काढून टाकायला लावले. त्याने मान खाली घालून ते केलं. जाताना एवढंच म्हणाला, "सर, मला गोळी मारायची आवड नाही. ते खोलल्यावर परत कसं बसतं, ते बघायला आवडतं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही. पुढचे काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचलं, भाच्याला प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून माझं जे मत झालं, ते इथे मांडतो. शस्त्रांचा मला शौक नाही आणि हा लेख वाचून कुणाला तो लागावा, अशीही इच्छा नाही.

आधी ती वस्तू काय आहे ते पाहू. भाच्याच्या पिस्तुलाचं नावच एक साल आहे, १९११. त्या वर्षी २९ मार्चला अमेरिकी लष्कराने ते स्वीकारलं आणि १९८५ मध्ये बेरेटाचं पिस्तूल येईपर्यंत तेच अमेरिकी सैन्याचं मुख्य पिस्तूल होतं. रचनाकार जॉन मोझेस ब्राउनिंग. १८५५ साली युटामधल्या ऑग्डेन गावी जन्मलेला, बंदुका बनवणाऱ्या बापाच्या दुकानात शिकलेला माणूस. १९२६ मध्ये बेल्जियमच्या कारखान्यात काम करत असतानाच वारला. त्याचं अपुरं राहिलेलं एक पिस्तूल पुढे दुसऱ्या रचनाकाराने पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये ते 'हाय-पॉवर' या नावाने आलं. त्याच घडणीचं ९ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्या इशापूरच्या कारखान्यात बनत आलंय आणि भारतीय लष्करात वापरलं गेलंय. म्हणजे ब्राउनिंगचं नाव आपण ऐकलं नसलं, तरी त्याचं काम आपल्या देशात आहेच.

दुसऱ्या महायुद्धात पिस्तुलांची गरज इतकी वाढली की एका कंपनीच्या आवाक्यातलं ते काम राहिलं नाही. मग इतर कारखान्यांना कंत्राटं दिली गेली. भाच्याच्या पिस्तुलावर रेमिंग्टन रँड हे नाव कोरलेलं आहे. टाइपरायटरवाले! आपल्याकडे कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून ज्या यंत्रांवर दावे आणि प्रतिज्ञापत्रं टाइप होत, त्यांत रेमिंग्टनची किती होती, ते जुन्या लोकांना विचारा. सिंगरनेही १९११ पिस्तुलं केली, पण फक्त ५००. आज संग्राहक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात. आमच्या मोहल्ल्यातल्या प्रत्येक शिंप्याच्या दुकानात जिचं मशीन होतं, तीच ही सिंगर. तेव्हा ते टेबल बघून मला शिलाई मशीन आठवलं, यात मी फार चुकलो नव्हतो.

हे पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे अर्धस्वयंचलित. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पण पुढची गोळी जागेवर आणायचं काम पिस्तूल स्वतः करतं. त्यासाठी लागणारी ताकद सुटलेल्या गोळीच्या धक्क्यातूनच मिळते. धक्क्याने वरचा पोलादी भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, मागे सरकतो. नळी थोडं अंतर त्याच्याबरोबर जाते आणि खाली झुकून सुटी होते. रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं, घोडा मागे दाबला जातो, स्प्रिंग स्लाइडला पुन्हा पुढे ढकलते आणि मुठीतल्या मॅगझिनमधून नवं काडतूस उचललं जातं. मॅगझिनमध्ये सात गोळ्या. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होतं.

आता यात शौकीन लोक काय बदलतात? पहिली गोष्ट, नेम धरायच्या खुणा. जुन्या लष्करी पिस्तुलावर त्या इतक्या बारीक आहेत की चाळिशी आलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत. म्हणून मोठ्या, ठळक खुणा बसवतात. दुसरी गोष्ट, मुठीचा मागचा भाग. गोळी सुटल्यावर घोडा मागे येतो आणि अंगठ्याजवळच्या मांसाला चिमटा काढतो. १९२० च्या दशकात लष्करानेच हा भाग थोडा लांबवला. शौकीन तो आणखी लांब आणि वर वळलेला बसवतात. तिसरी गोष्ट, चाप. तो किती वजनाने आणि किती मऊपणे सुटतो, यावर नेम टिकतो. हे काम भाचा स्वतः करत नाही, जाणत्या कारागिराकडे देतो, कारण तिथे केसभर जास्त घासलं गेलं तर पिस्तूल धोक्याचं होतं. चौथी गोष्ट, नळीचं तोंड जिथे बसतं ती कडी. ती घट्ट असली तर गोळ्या कागदावर जवळजवळ लागतात.

इथे भाच्याने मला एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. लष्करी पिस्तूल सैल असतं, हा त्याचा दोष नव्हता. चिखलात, वाळूत, पावसात चालावं म्हणून ते मुद्दामच तसं ठेवलेलं होतं. घट्ट केलं की नेम सुधारतो, पण पिस्तूल नाजूक होतं, धूळ सहन करत नाही. तेव्हा बदल करणाऱ्याने आधी ठरवायचं की आपल्याला काय हवंय आणि त्याच्या बदल्यात काय सोडायचंय. आणखी एक पथ्य असं की जे पिस्तूल जसंच्या तसं मूळ अवस्थेत राहिलंय, त्याला हात लावायचा नाही. भाच्याचं पिस्तूल कुणीतरी आधीच घासून नवीन रंग चढवून बिघडवलेलं होतं, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत गेलेली होती. म्हणूनच त्याने ते घेतलं. जुन्या वस्तूबद्दलचा हा अदब आपण आपल्या वाड्यांना आणि मशिदींच्या लाकडी खांबांना दाखवला असता, तर किती गोष्टी वाचल्या असत्या.

हाताच्या अशा कामाबद्दल आपल्या समाजाने तरी तुच्छतेने बोलू नये. मी मिरजेपासून फार लांब राहत नाही. मिरजेची सतार आणि तानपुरा जगात जातो, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ही वाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची आहेत. तलवारी, कट्यारी यांना धार लावणं, पाणी देणं, त्यांचा गंज काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. संस्थानी काळात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, शस्त्रांचं काम कमी होत गेलं. तेव्हा फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि मग बनवायला. आज मिरजेत भोपळ्याचा तुंबा कापणारा हात आणि त्या काळी तलवारीचं पातं घासणारा हात एकाच घराण्याचे आहेत. 'शिकलगार' हा शब्द 'सैकल' या अरबी शब्दावरून आलाय. सैकल म्हणजे घासून चकाकी आणणं. उर्दू शिकवताना मी मुलांना सांगतो की सूफींनी हा शब्द मनासाठी वापरला. मनावर गंज चढतो, त्याला सैकल करावं लागतं.

त्या दहावीतल्या मुलाला जे आवडत होतं, ते हेच होतं. खोलणं, साफ करणं, परत बसवणं. त्याच्यात मला शिकलगार दिसायला हवा होता. मला दिसली ती फक्त बातमी.

आता दुसरी बाजू. कुणी म्हणेल, "सर, सतारीने माणूस मरत नाही." बरोबर आहे, आणि हे उत्तर टाळून पुढे जाता येणार नाही. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुका-पिस्तुलांनी ४८,००० हून जास्त माणसं मेली. हा आकडा त्यांच्याच सरकारचा आहे. आपण समजतो की हे सगळे खून असतील. तसं नाही. त्यात निम्म्याहून जास्त आत्महत्या आहेत. म्हणजे घरात ठेवलेलं पिस्तूल चोरावर कमी आणि घरातल्याच माणसावर जास्त चालतं. रात्र वाईट असते, मन खचलेलं असतं, आणि कपाटात एक अशी वस्तू असते जी विचार बदलायला दुसरी संधी देत नाही.

हे वाचल्यावर मी भाच्याला विचारलं, "तिजोरीत ठेवतोस हे ठीक. पण तुझंच मन ठिकाणावर नसेल त्या दिवशी चावी कुणाकडे असते?" तो गप्प झाला. परदेशात एकटं राहणाऱ्या, नोकरी कधी जाईल या धास्तीत असणाऱ्या मुलाला हा प्रश्न उगाच विचारलेला नव्हता. महिन्याभराने त्याने आपणहून सांगितलं की आता तिजोरी उघडायला दोघं लागतात. चावी त्याच्याकडे, आकडा त्याच्या बायकोकडे. या शौकाबद्दल माझं मत जे थोडंफार मऊ झालं, ते त्या दिवशी. जो माणूस आपल्या शौकावर स्वतःहून कुलूप घालतो, त्याच्याशी बोलता येतं.

पण माझा खरा वाद त्याच्याशी दुसऱ्याच गोष्टीवर झाला. या पिस्तुलाची गोळी ०.४५ इंच व्यासाची, चांगली जाडजूड. इतकी जाड का? तिथल्या शौकिनांमध्ये एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. फिलिपिन्समध्ये 'मोरो' नावाचे लोक होते, गोळी लागली तरी थांबत नसत, म्हणून मोठी गोळी आणावी लागली. भाच्यालाही ती पाठ होती. मी विचारलं, "मोरो म्हणजे कोण, माहीत आहे?" त्याला माहीत नव्हतं.

मोरो म्हणजे मिंदानाओ आणि सुलू बेटांवरचे मुसलमान. हे नाव त्यांना स्पॅनिश लोकांनी दिलं. स्पेनमधल्या मुसलमानांना ते जे म्हणत, तेच इथे आणून चिकटवलं. १८९८ मध्ये स्पेनकडून फिलिपिन्स अमेरिकेकडे गेलं आणि दक्षिणेच्या बेटांवर लढाई सुरू झाली. तिथे अमेरिकी सैनिकांचं ०.३८ इंची रिव्हॉल्व्हर तलवार घेऊन अंगावर धावून येणाऱ्या माणसाला रोखू शकत नाही, अशा तक्रारी गेल्या. १९०४ मध्ये लष्कराने जिवंत गुरांवर आणि मानवी मृतदेहांवर गोळ्या झाडून चाचण्या घेतल्या आणि ०.४५ पेक्षा लहान गोळी नको, असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षातून पुढे १९११ चं पिस्तूल आलं. दरम्यान, मार्च १९०६ मध्ये जोलो बेटावरच्या बुद दाजो या ज्वालामुखीच्या खोलगट तोंडात आसऱ्याला बसलेल्या मोरो लोकांवर अमेरिकी सैन्याने हल्ला केला. शेकडो माणसं मारली गेली, त्यांत बायका आणि मुलंही होती. मार्क ट्वेनने त्यावर कडवटपणे लिहिलं, पण ते लिखाण त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही.

भाचा म्हणाला, "मामू, तो क्या बेच डालूं?"

मी म्हणालो, नाही. वस्तू विकून इतिहास विकला जात नाही. आपल्याकडे कुठल्या गडावरच्या तोफेने कुणाला मारलं, याचा हिशेब लावून आपण तोफा वितळवत नाही. आणि पिस्तुलाचा इतिहास फक्त अमेरिकेत आहे असंही नाही. १९१४ मध्ये साराजेव्होत आर्चड्यूकवर झाडलेलं पिस्तूल ब्राउनिंगच्याच रचनेचं होतं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत बापूंवर तीन गोळ्या सुटल्या, त्या एका इटालियन बेरेटातून, १९३४ च्या बनावटीच्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलातून. ते पिस्तूल घेऊन जाणारा माणूस मराठी होता. तेव्हा कुठल्या एका देशाला किंवा धर्माला हातात शस्त्र देऊन उभं करण्यात अर्थ नाही. मी भाच्याला एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी रेंजवर कुणी मोरोंची गोष्ट हसत-हसत सांगितली, तर पुढचा अर्धा भाग तू सांग. जुन्या वस्तूचा शौक करणाऱ्याने तिचा गंज जसा ओळखायला हवा, तसं तिच्यावरचं रक्तही ओळखायला हवं. निव्वळ चकाकी आणणं म्हणजे सैकल नव्हे.

आता अदबाकडे येतो. अमेरिकेतले पिस्तुलाचे शौकीन चार नियम पाळतात. जेफ कूपर नावाच्या मरीन अधिकाऱ्याने ते लोकांमध्ये रुजवले, १९७६ मध्ये त्याने ॲरिझोनात शिकवणीची शाळाही काढली. नियम सोपे आहेत. प्रत्येक पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून वागायचं. ज्याचा नाश करायचा नाही, त्याच्याकडे नळीचं तोंड कधीही वळवायचं नाही. नेम धरल्याशिवाय बोट चापावर ठेवायचं नाही. आणि आपण कशावर नेम धरलाय, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असायला हवं. भाचा सांगतो, रेंजवर कुणी गंमत म्हणूनही रिकामं पिस्तूल दुसऱ्याकडे रोखलं, तर त्याला तिथल्या तिथे बाहेर काढतात. माफी वगैरे काही नाही.

हे ऐकताना मला हदीसची आठवण झाली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांमध्ये आहे की आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नका, कारण तुमच्या नकळत सैतान हात हलवेल. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणांची टोकं आपल्या मुठीत धरावीत, कुणाला ओरखडाही येऊ नये, असंही आहे. म्यानातून काढलेली तलवार तशीच उघडी दुसऱ्याच्या हाती देऊ नये, अशीही एक वेगळी हदीस आहे. म्हणजे कूपरचे नियम आपल्याला नवीन नाहीत. पण आपल्याकडे काय होतं? काही वक्ते तिरंदाजीचं महत्त्व सांगणारी, ताकद म्हणजे नेमबाजी या आशयाची हदीस आवाज चढवून ऐकवतात. समोरची पोरं खूश होतात. बाणाची टोकं मुठीत धरायची हदीस मात्र कुणी ऐकवत नाही. ती ऐकवली तर टाळ्या मिळत नाहीत. मला विचाराल तर पहिली हदीस ज्याला हवी, त्याने आधी या तीन पाठ कराव्यात.

आणि हे फक्त आपल्याच लोकांना सांगतोय असं नाही. माझ्या शाळेच्या परिसरात कुठल्याही जातीधर्माच्या पोरांचं व्हॉट्सॲप स्टेटस बघा. वाढदिवसाला तलवारीने केक, गळ्यात हार, मागे डायलॉग, आणि कुणाच्या तरी हातात खरा की खोटा कोण जाणे, पण कट्टा. यांना त्या वस्तूची एक पिनही ओळखता येणार नाही. यांचा शौक पिस्तुलाचा नाही, समोरच्याच्या डोळ्यांतल्या भीतीचा आहे. टेक्सासमधला माझा भाचा आणि हे स्टेटसवाले यांच्या हातात वस्तू जवळजवळ तीच आहे. पण एकाला तिची भीती वाटते आणि दुसऱ्याला वाटत नाही. ज्याला भीती वाटत नाही, तो धोकादायक.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत कडक आहे आणि मला तो तसाच हवा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, एवढंच नव्हे तर त्याची दुरुस्ती किंवा त्यात बदल करायचा धंदाही परवान्याशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, आणि लग्नावरातीत हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परवान्याची जुनी पिस्तुलं काही घरांमध्ये आजही आहेत, निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा होतात. तेव्हा भाचा टेक्सासमध्ये जे करतो, ते इथे कुणी घरी करून बघू नये. तिथला शौक तिथल्या कायद्यात आहे. इथे तो गुन्हा आहे.

मग त्या मुलाने काय करायचं? त्याच्या आवडीला इथे रस्ताच नाही का?

आहे, आणि तो आपल्या अगदी जवळून जातो. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत दिली, राही सरनोबत दिली. राहीने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्य मिळवलं. सुरुवात सगळ्यांची साध्या एअर रायफल नाही तर एअर पिस्तुलापासून होते. दहा मीटरवर कागद, त्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. साठ वेळा तिथेच मारायचं. त्यात ना आवाज, ना दरारा. श्वास सांभाळायचा, हात स्थिर ठेवायचा आणि चाप हळू दाबायचा. ज्याला दुसऱ्याला घाबरवायचंय, तो या खेळात आठवडाभरात कंटाळतो. ज्याला मन लावून काम करायचंय, तो टिकतो.

मला माहीत आहे, हा खेळ महाग आहे. स्पर्धेचं चांगलं एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, मिस्त्रीच्या पोराला ते परवडणारं नाही. पण क्लबचं पिस्तूल वापरून सुरुवात करता येते. शाळांनी आणि आपल्या शिक्षणसंस्थांनी मनावर घेतलं, तर दोन-चार पिस्तुलं घेऊन ठेवणं अशक्य नाही. आपण वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मांडवावर याहून जास्त खर्च करतो. खरी अडचण पैशाची नाही. आपल्या मुलाच्या पिशवीत एअर पिस्तूल असेल आणि एसटीत कुणी पिशवी उघडायला लावली तर काय, ही अडचण आहे. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मी स्वतः तिच्यापोटीच त्या मुलाचे व्हिडिओ काढायला लावले. पण भीतीवर उपाय लपून बसणं हा नाही. क्लबचं ओळखपत्र, प्रशिक्षकाचं पत्र, शाळेचा शिक्का, हे सगळं घेऊन उघडपणे जाणं हा आहे. जे लपवून होतं, त्यावर संशय घेतला जातो. जे नोंदवहीत लिहिलेलं असतं, ते संशयाला उत्तर देतं.

मराठीत एक सुंदर शब्द आहे, 'नेम'. नेम धरणे म्हणजे निशाणा साधणे. आणि नेम म्हणजे नियम, व्रत, रोजचा शिरस्ता. उपवासाचा नेम, वारीचा नेम. उर्दूत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. मराठीने ते एकात बसवले, आणि वीस वर्षं दोन्ही भाषा शिकवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ज्याला नियम नाही, त्याने निशाणा धरू नये, एवढंच माझं या सगळ्या प्रकरणावरचं मत आहे. टेक्सासमध्ये ते जितकं खरं, तितकंच मिरजेत.

त्या मुलाला मी परत बोलावलं. व्हिडिओ काढायला लावले ती माझी चूक होती, हे वडिलांसमोर सांगितलं. वडिलांना म्हणालो, "हा तुमचाच हात घेऊन जन्माला आलाय. रविवारी गॅरेजमध्ये घ्या त्याला, कार्बोरेटर खोलू द्या. दहावीनंतर आयटीआयला फिटर किंवा टूल अँड डायमेकरसाठी अर्ज करू. आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी त्याला कोल्हापूरला एअर पिस्तूल बघायला घेऊन जाणार आहे." वडील बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही बरोबर असाल तर जाऊ द्या." त्या 'बरोबर'चा अर्थ 'सोबत' असा होता. शिक्षकाला यापेक्षा जास्त विश्वास कोण देतो?

परवा भाच्याने फोटो पाठवला. पिस्तुलाचा नाही, कागदाचा. पंचवीस यार्डांवरून मारलेल्या दहा गोळ्या, त्यातल्या सात मधल्या काळ्या वर्तुळात, तीन भरकटलेल्या. खाली लिहिलं होतं, "मामू, तीन गए." मी लिहिलं, "नेम वाढव." दोन्ही अर्थांनी.

तो फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहे. काढून टाकलेला नाही.